दशमीचं पाणी

माझी नोकरी कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या पाण्याची होती. सकाळी आठ, दुपारी चार आणि रात्री बारा या वेळच्या बाटल्या तपासायच्या, पीएच लिहायचा, सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण मोडायला किती प्राणवायू लागेल तो आकडा, लिहायचा, सही करायची. 31 वर्षं हेच केलं. सही झाली की ते पाणी कालव्याला लागायचं. बडोद्याच्या उत्तरेकडच्या धनोऱ्यापासून निघून, पादऱ्याच्या शेतांमधून जंबुसर तालुक्यातल्या सरोदपर्यंत जाणारा आणि तिथे महीच्या मुखात रिकामा होणारा हा कालवा सुमारे 55 किलोमीटर लांब आहे. 1983 साली तो सुरू झाला, मी त्यानंतर पाच वर्षांनी कामाला लागलो. त्याचं दुसरं टोक मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि आम्ही बडोदेकर पितो तेही बरंचसं महीचंच. सयाजीरावांनी बांधलेलं आजवा सरोवर आहे, पण वाढत्या शहराला ते पुरेना, म्हणून फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा इथे नदीच्या वाळूत फ्रेंच विहिरी, म्हणजे वाळूतून पाझरलेलं पाणी गोळा करणाऱ्या विहिरी, उतरवल्या. वर फाजलपूरला उपसायचं आणि खाली सरोदला सोडायचं. मधली नदी आम्ही पाहतो ती वासदच्या पुलावरून, गाडीच्या खिडकीतून, पाच रुपयांचं नाणं टाकत.

निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत आणि पुढची दोन घरात बसून गेली. मग एकदा मनात आलं, की सरोदला जाऊन येऊ. रस्त्यानंही जाता येतं. पण मला ते टोक पाण्याच्या बाजूनं पाहायचं होतं. ओळखीतून ओळख काढत कावीच्या अलीकडच्या एका गावातला नावाडी मिळाला. फोनवर तो एवढंच म्हणाला, "दसमना दिवसे आवजो, नव वाग्या पछी."

दशमीला या, नऊनंतर. इतकी साधी सूचना होती. ती मोडली माझ्या मेहुण्यानं.

मेहुणा दापोलीचा. पौषात आमच्याकडे आला होता, हुरडा खायला. खाडी म्हटल्यावर तो उठून बसला. "भावोजी, खाडी म्हणजे आमचं अंगण. तिथीला पाऊणपट करायचं, भरतीची वेळ मिळते. दशमी म्हणजे दहा, पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती पुरी. तुमचा नावाडी नऊला बोलावतोय म्हणजे उतरत्या पाण्यावर नेणार, पैसे घेऊन चिखलात बसवणार." हिशोब पक्का होता. कोकणात आणि मुंबईत तो चालतोही. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, पुढे रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा. मी पाण्याची रसायनं ओळखतो, वेळा नाही, म्हणून मान डोलावली.

पहाटे पाचला निघालो. बायकोनं दशम्या बांधून दिल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, वर लीलो चिवड्याचं पाकीट. दशमीला दशम्या, असं मेहुणा दोनदा म्हणाला. पादरा, जंबुसर, कावीचा रस्ता. सातला गावात पोहोचलो, साडेसातला काठावर.

काठावर पाणी नव्हतं. समोर चिखल होता. कोकणातल्या खाडीचा चिखल मी पाहिलाय, तो तिवरांच्या मुळांत अडकलेला, आटोपशीर असतो. हा आकाशाइतका होता. राखी, ओला, चकाकणारा, क्षितिजापर्यंत. त्यात शंभरेक पावलांवर तीन होड्या एका अंगावर कलून पडल्या होत्या आणि कुठेतरी फार लांब एक चंदेरी रेघ होती, तीच मही. मेहुणा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पंचांग चुकलंय."

पंचांग बरोबर होतं, जागा चुकली होती. भरतीची लाट अरबी समुद्रातून खंभातच्या आखातात शिरते ती मुंबईला येऊन गेल्यावर, आणि आखाताच्या माथ्याशी पोहोचायला तिला आणखी तीन-चार तास लागतात. आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंडाशी रुंद, वर अरुंद आणि उथळ. पाणी बाजूंनी आवळलं जातं आणि तळानं उचललं जातं, म्हणून ते वर चढतं. मुंबईला उधाणाची भरती-ओहोटी पाच मीटरच्या आसपास, भावनगरकडे ती दहा मीटरच्याही वर जाते. कांबोईचं स्तंभेश्वर रोज पाण्याखाली जातं ते याच कारणानं. बडोद्याच्या प्रत्येक घरातलं कुणीतरी ते देऊळ पाहून आलेलं असतं. तिथे तिथीवार भरतीच्या वेळांचा छापील कागद वाटतात. आमच्याही देवघराच्या कप्प्यात तो आहे. मी पाहिला नव्हता.

नावाडी आठला आला, आम्हाला पाहून हसला आणि चहा घेऊन आला. बरोबर त्याचा सतरा-अठराचा मुलगा. चहा संपेपर्यंत ती चंदेरी रेघ जाड झाली होती. ओहोटी सात-आठ तास रेंगाळत उतरते आणि भरती चारेक तासांत धावत येते, असं त्यानं सांगितलं. तेवढंच पाणी निम्म्या वेळात येतं म्हणजे वेग किती, ते मनात येईपर्यंत पाणी पहिल्या होडीला लागलं होतं. ते लाटांनी येत नाही. पसरत येतं, जमिनीवर दूध सांडल्यासारखं, कडेला फेसाची मळकी झालर घेऊन. नालीनालीतून पुढे घुसतं आणि मधला उंचवटा मागाहून गिळतं. साडेनऊला आम्ही गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन होडीत चढलो.

होडी लाकडी, वीस-बावीस फूट, मागे मशीन. बडोद्यातून मी दोन नारिंगी लाइफ जॅकेटं विकत नेली होती. मेहुण्यानं त्याच्या जॅकेटची उशी केली.

पाण्यावर गेल्यावर पहिल्यांदा कळलं, की नदी उलटी वाहते आहे. हे मला माहीत होतं, अर्थातच. पण महीचं पाणी वासदच्या दिशेनं, वर, घोड्यासारखं धावताना पाहणं वेगळं. नदीची लांबी 583 किलोमीटर, उगम मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, वाटेत राजस्थानात जाऊन वळून परत येते आणि कर्कवृत्त दोनदा ओलांडते. एवढं सगळं करून ती इथे येते आणि समुद्र तिला रोज दोनदा परत पाठवतो. नावाड्यानं मशीन जवळजवळ बंदच ठेवलं होतं. पाणीच नेत होतं. तो फक्त दिशा धरत होता आणि बघत होता. कुठे पाणी गुळगुळीत, कुठे बारीक सुरकुती, कुठे भोवरा. गुळगुळीत जागा मला चांगली वाटली, तो ती टाळायचा. खाली पुळण आहे, म्हणाला, आणि पुळण दर पावसाळ्यात जागा बदलते. नकाशा कसला ठेवणार.

डावीकडे, पलीकडच्या काठावर, धुवारणकडचा भाग धुक्यात पुसट दिसत होता. अलीकडे लावलेल्या तिवरांच्या रांगा. गुजरातीत त्यांना चेर म्हणतात. अधूनमधून पाण्यातून खांबांच्या ओळी डोकं काढायच्या. त्यांना पिशवीसारखी जाळी बांधलेली असतात. पाणी येता-जाता आपणच मासे आत भरतं, आणि ओहोटीला चिखलातून चालत जाऊन माणसं ती रिकामी करतात. होडी लागतच नाही. मासेमारीसाठी समुद्रावर जाण्याऐवजी समुद्राची वाट पाहायची, ही युक्ती मला फार आवडली. मेहुण्याला नाही आवडली. त्यात मर्दुमकी नाही म्हणाला.

सरोदचं टोक सव्वादहाच्या सुमाराला आलं. आधी वास आला. तो वास मी झोपेतही ओळखेन, 31 वर्षं शर्टाला लावून घरी नेला आहे. मग काठाचं बांधकाम, आणि चढत्या पाण्याला अंगावर घेत बाहेर पडणारा प्रवाह. रंग चहाचा. पण इथलं सगळंच पाणी चहाचं आहे, गाळामुळे. त्यामुळे एक पाणी कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते डोळ्यांना सांगता येत नव्हतं. मी काय अपेक्षा केली होती कोण जाणे. काहीतरी भव्य, किंवा काहीतरी भयंकर. पाच मिनिटं पाहिलं. खिशातून पीएचचा कागद काढून बुडवला. सवय. आठच्या जवळ. समुद्राच्या पाण्याचा असतो तेवढाच.

"काका, शुं कहे छे कागळ?" नावाड्यानं विचारलं.

"सारुं छे," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. मशीन चालू करून पुढे निघाला.

पुढे वर कारेलीची बाजू आहे. 19 मार्च 1930 च्या रात्री गांधीजी आणि त्यांचे सत्याग्रही पलीकडच्या कंकापुऱ्याहून नावेनं मही ओलांडून कारेलीला आले होते. शाळेत ते वाचताना मला प्रश्न पडायचा, की रात्री कशाला, सकाळी जायचं. होडीत बसल्यावर प्रश्न उरला नाही. भरती असेल तेव्हाच ओलांडायचं, नाहीतर मैलभर चिखल. त्यांनाही शेवटी गुडघाभर चिखल तुडवावा लागलाच. पण तिथपर्यंत जायला आमच्याकडे वेळ नव्हता. भरती साडेअकराला पुरी होणार होती आणि त्याआधी नावाड्याला एक खाडी दाखवायची होती.

चूक इथे झाली, आणि ती माझी. मेहुण्याची नाही, हे नमूद करतो, कारण घरी तो वेगळं सांगतो.

खाडी म्हणजे नदीला फुटलेला एक फाटा, तोंडाशी तीस-चाळीस फूट रुंद, आत जाऊन दोन्ही बाजूंनी तिवर. भरल्या पाण्यात ती इतकी शांत होती, की मशीन बंद केल्यावर पानांवरून गळणाऱ्या थेंबांचा आवाज यायचा. पाणी थांबलं होतं. ना वर ना खाली. भरती पुरी झाली, की असा थोडा वेळ येतो. दोन कोरल पक्षी वाकड्या चोचीनं काठ टोचत होते. मी बाटली काढली, कालव्यापासून इतक्या लांब आतलं पाणी घ्यायचं म्हणून. मग म्हटलं, आणखी आत, फाट्याच्या टोकाशी घेऊ. नावाडी म्हणाला, "बस काका, हवे नीकळीए." मी म्हटलं, पाच मिनिटं. मग एक खंड्या दिसला, मेहुण्याला त्याचा फोटो हवा होता. मग बाटलीचं झाकण पाण्यात पडलं. नावाड्याचा नियम साधा होता, खाडीत शिरायचं चढत्या पाण्यावर आणि पाणी वळायच्या आत तोंडाबाहेर यायचं. माझ्या वयाकडे पाहून तो जोरात बोलला नाही, एवढाच त्याचा दोष.

परत वळलो तेव्हा तिवरांच्या खोडांवर वीतभर ओली रेघ उमटलेली होती. खाडीच्या तोंडाशी गाळाचा उंबरठा असतो. आत जाताना तो खाली आहे हे कळतसुद्धा नाही. सव्वा वाजता आम्ही त्या उंबरठ्यावर घासलो, मशीननं चिखल उडवला, नावाडी आणि मुलगा बांबू लावून रेटत राहिले. पाणी आमच्या बाजूनं निसटत गेलं. दहा मिनिटांत होडी टेकली. अर्ध्या तासात कलली.

"केटला वागे?" पाणी परत किती वाजता येणार, मी विचारलं.

नावाड्यानं आकाशाकडे पाहिलं, मग बोटं मोजली. "साडा दस. अगियार."

साडेनऊ तास.

मला पहिल्यांदा पटलं नाही. काठ समोर दिसत होता, दोनशे पावलांवर. मी म्हटलं, चालत जाऊ. त्यानं काही न बोलता बांबू उभा खुपसला, तो कमरेइतका आत गेला. तरी मी एक पाय टाकून पाहिला. पाय मांडीपर्यंत गेला आणि वर आला तो चपलेशिवाय. नव्या गुडघ्याची काळजी घ्या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा प्रसंग त्यांच्या यादीत नसणार.

मग बसलो. कुणी रागावलं नाही, कारण रागावून पाणी येत नाही. दशम्या निघाल्या. नावाड्याच्या डब्यात बाजरीचा रोटला आणि वाळलेल्या कोळंबीची चटणी होती. मेहुणा पहिल्यांदा खुलला. तिनाच्या सुमाराला खाडीत पाण्याचा टिपूस नव्हता आणि भिंती जिवंत झाल्या. आधी बिळांतून खेकडे आले, एक नांगी मोठी आणि तांबडी, ती सारखी हलवत, जणू शेकडो माणसं टॅक्सी थांबवताहेत. मग चिखलावरून उड्या मारत मासे. डोळे डोक्यावर, पंखांवर रेटत चालतात, एकमेकांवर पाठीचा पर फुलवून धावून जातात. "निवट्या!" मेहुणा ओरडला. "लेवटा," नावाड्याचा मुलगा म्हणाला. दापोलीची निवटी आणि कावीचा लेवटा एकच, हे दोघांनाही इतकं आवडलं, की पुढचा तासभर ते कालवण कसं करायचं यावर बोलत होते. मी मराठी आणि गुजराती दोन्ही बोलणारा, पण मला त्यांनी विचारलंच नाही.

ऊन उतरल्यावर नावाडी माझ्याजवळ येऊन बसला. मी कुठल्या कामावर होतो ते त्यानं विचारलं. मी सांगितलं. कारखान्याचं नाव घेतलं नाही, त्यानं विचारलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाला, त्याचा आजा इथे पालवा पकडायचा. पालवा म्हणजे हिलसा. पावसाळ्यात नदीला पूर आला, की तो समुद्रातून गोड्या पाण्याच्या वासानं वर चढतो, अंडी घालायला. त्यानं स्वतः लहानपणी पाहिला, त्याच्या मुलानं पाहिलाच नाही.

"कागळ तो सारुं कहे छे," तो म्हणाला. "तो माछली क्यां गई?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होता, तपासणाऱ्या माणसाला. मी त्याला सांगायला लागलो, की पीएच म्हणजे सगळं नाही. पाणी आम्ल की अल्कली एवढंच तो कागद सांगतो, त्यात विरघळलेला प्राणवायू किती, त्यात आणखी काय आहे, ते नाही. शिवाय वर कडाण्याचं धरण आहे, वणाकबोरीचा बंधारा आहे, राजस्थानात बजाज सागर आहे, पूर पूर्वीसारखा खाली येत नाही, मग पालव्याला वास कसला येणार. शिवाय जाळ्यांची भोकं बारीक झाली. हे सगळं खरं आहे. पण ऐकताना मला माझाच आवाज तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर बोलतो तसा वाटला. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "एटले थोडुं थोडुं बधानुं." म्हणजे थोडं थोडं सगळ्यांचंच.

मी हो म्हटलं.

सहा वाजता अंधारलं आणि पौषातली थंडी चिखलातून वर आली. दशमीचा चंद्र आधीच डोक्यावर होता, बरं झालं. मेहुण्यानं उशीचं जॅकेट अंगात घातलं, पट्टे आवळले. नावाड्यानं ताडपत्री काढली, चौघं खाली. मोबाइलला अधूनमधून एक रेघ यायची, तेवढ्यात बायकोला कळवलं की उशीर होईल. "किती?" "पाणी येईपर्यंत." तिकडून बराच वेळ काही आलं नाही.

माझा डोळा लागला होता. मुलानं हलवून उठवलं. "सांभळो." ऐका.

दूरवर, नदीच्या बाजूला, सळसळ. वाळक्या पानांवरून कुणी गोणपाट ओढत आणावं तशी, न थांबणारी. उधाणाच्या दिवसांत हे पाणी उभी भिंत करून येतं, तेव्हा आवाज मैलावरून येतो आणि होड्या आधीच मधोमध नेऊन तोंड त्याच्याकडे करून ठेवतात, असं नावाडी म्हणाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशानं शेजारच्या भरूचबद्दल हेच लिहून ठेवलंय. परक्या जहाजांना आत आणायला राजाचे नावाडी पुढे यायचे, भरतीबरोबर ओढत न्यायचे आणि ओहोटी लागली, की ठरलेल्या डोहांत नांगर टाकायचे. दशमीचं पाणी तेवढं मोठं नव्हतं. चंद्रप्रकाशात एक फेसाळ जीभ खाडीच्या तोंडातून आत आली, हातभरही उंच नसेल, पुढे काटक्या ढकलत, खेकड्यांच्या बिळांत गुडगुड करत. होडीच्या बुडाला लागली आणि पुढे गेली. मग तासभर ती नुसती वाढत राहिली. पावणेअकराला होडीनं एक लहानसा उसासा टाकला आणि सरळ झाली.

बाहेर आल्यावर नावाड्यानं घाई केली नाही. मध्यरात्रीपर्यंत पाणी चढतं होतं, त्याच्याशी मशीननं झगडून तेल कशाला जाळायचं. काठालगत नांगर टाकून थांबलो, आणि पाणी वळल्यावर त्याच्यावर बसून खाली आलो. दोन वाजता उतरलो. ठरल्यापेक्षा जास्त पैसे मी पुढे केले, त्यानं ठरले तेवढेच घेतले आणि तेलाचे वेगळे मागितले. मेहुण्यानं त्याच्या मुलाला दापोलीला बोलावलं आहे. तोही जाईल असं दिसतं.

खाडीतल्या पाण्याची बाटली मी घरी आणली. झाकण गेलं होतं, प्लॅस्टिक आणि रबर बांधून आणली. खिडकीत ठेवली. पहिल्या दिवशी ती चहासारखीच होती. तिसऱ्या दिवशी तळाला दोन बोटं गाळ बसला, रेशमासारखा, आणि वरचं पाणी जवळजवळ काचेसारखं झालं. बायकोनं केर काढताना विचारलं, "हे टाकू का?"

मी म्हटलं, राहू दे. अजून बसतंय.